गडावरच्या टाक्याचा गाळ काढायचाय? आधी हे वाचा

गडासाठी काहीतरी करायचं म्हटलं की बहुतेक गट आधी टाक्याकडे, म्हणजे कातळात कोरलेल्या पाण्याच्या हौदाकडे, वळतात. ते बरोबरच आहे. टाकं साफ झालं की मे महिन्यात गावची गुरं, पाखरं आणि वाटसरू सगळ्यांची सोय होते. पण घाईत उपसलेलं टाकं कायमचं बिघडूही शकतं.

पहिलं काम परवानगीचं. जागतिक वारसा यादीत जुलै 2025 मध्ये गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत, तर रायगड, शिवनेरी, लोहगडासह बाकीचे आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. संरक्षित गडावर लेखी परवानगीशिवाय फावडं चालवू नये. बरेच किल्ले असंरक्षित आहेत, पण तेही बेवारस नाहीत. जमीन वनखात्याची की महसुलाची हे तलाठ्याकडे कळतं. वनखात्याची असेल तर परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. अर्जात तारीख, माणसं, अवजारं आणि नेमकं कुठलं टाकं हे लिहा, सोबत टाक्याचे चारही बाजूंनी काढलेले फोटो जोडा. ग्रामपंचायतीला पत्र द्याच, आणि गावातल्या जाणत्यांना विचारा की पिण्याचं पाणी कुठल्या टाक्यातलं. त्या टाक्यात उतरायचं नाही.

एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं, म्हणून हाच काळ सोयीचा. पण गावाला पाण्याची गरजही तेव्हाच सर्वांत जास्त असते. म्हणून टाक्यांचा समूह असेल तर एका वेळी एकच उपसा.

आता हिशोब. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद टाक्यात अर्धा मीटर गाळ असेल तर तो तीन घनमीटर झाला. ओला गाळ घनमीटरला साधारण दीड टनाहून जड भरतो, म्हणजे पाचेक टन माल. घमेलं अर्धंच भरायचं, दहा किलोच्या आसपास. काठोकाठ भरलेलं घमेलं निसरड्या पायऱ्यांवर हातातून सुटतं आणि खालच्याच्या डोक्यात जातं. म्हणजे जवळपास पाचशे घमेली. पंचवीस माणसांच्या साखळीत मिनिटाला तीन घमेली पुढे सरकली तरी पावणेतीन तास हवेत, विश्रांती वेगळी. घमेली वीस, फावडी चार, बादल्या सहा, दोर दोन आणि एक चाळणी एवढं पुरतं. टिकाव आणि पहार खालीच ठेवा. तळाशी कातळ लागला की हातानं आणि प्लास्टिकच्या सुपडीनंच काम करायचं, नाहीतर मूळच्या छिन्नीच्या खुणा जातात. भिंतीवर अक्षरं दिसली तर तारेचा ब्रश लावू नका. शेवाळं राहिलं तर राहू द्या.

खांबटाक्यात (आत कातळाचे खांब ठेवून कोरलेल्या टाक्यात) किंवा अरुंद तोंडाच्या खोल टाक्यात हौशी गटानं उतरूच नये. आत साचलेली हवा जीवघेणी असू शकते. मेणबत्ती विझली नाही म्हणजे हवा चांगली, हा समज धोक्याचा आहे. विषारी वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते. डिझेल पंप टाक्याच्या तोंडाशी लावला तर त्याचा धूर आत उतरतो.

गाळ चाळल्याशिवाय टाकू नका. खापरं, नाणी, तोफगोळे गाळातच सापडतात. वस्तू निघाली की आधी जागेवर फोटो, मग खोली आणि बाजूची नोंद, मग पुरातत्त्व विभागाला कळवणं. घासूनपुसून कुणाच्या घरच्या शोकेसमध्ये गेलेल्या नाण्याचं मोल निम्मं उरतं, शिवाय कायद्याचा त्रास वेगळाच. बेडूक, मासे, खेकडे बादलीतून शेजारच्या टाक्यात सोडा. शेवटी ब्लीचिंग पावडर टाकण्याचा मोह आवरा, कारण उरलेले जीव त्यानं मरतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती गाळ टाकण्यात. टाक्याच्या वरच्या अंगाला ढीग केला तर पहिल्याच वळवात तो पुन्हा आत येतो. तटावरून खाली लोटला तर पायवाट बुजते, खाली कुणी असेल तर जीवावर बेततं. टाक्याच्या खालच्या अंगाला सपाट जागा बघून वीतभर जाडीचा थर पसरा, मात्र जुन्या वाड्यांच्या जोत्यांवर नको. मग वरच्या बाजूला कातळात कोरलेली पन्हळ शोधा. ती मातीनं आणि गवतानं बुजलेली असते, म्हणून पाणी टाक्याकडे न येता भलतीकडेच वाहून जातं. ती मोकळी केली की अर्ध्या मेहनतीचं चीज होतं.

तटातली पिंपळाची रोपं उपटू नका, मुळासोबत चिरे सुटतात. ढासळलेला चिरा सिमेंटनं बसवणं तर नकोच. सिमेंट ओल कोंडून धरतं आणि शेजारचा जुना चुना फुटतो. पायऱ्यांना रंग नको, ढासळलेले दगड बांधाला वापरणं नको.

काम संपल्यावर गडपूजन जरूर करा. झेंडूची माळ सुतळीत ओवा आणि संध्याकाळी उतरताना सोबत आणा. फटाके, धूर आणि मोठा स्पीकर टाळा: कड्याला आग्या मोहोळ असेल तर पळायला जागा नसते, आणि मे महिन्यातल्या वाळल्या गवताला ठिणगी पुरते. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या गोणीत भरून खाली आणा. वर जाळू नका, पुरूही नका. गोण्या उचलणारी गाडी आदल्या दिवशीच ठरवा, नाहीतर गडावरचा कचरा गावाच्या वेशीवर येऊन पडतो आणि पुढच्या वेळी गाव दारात उभं करत नाही.

जूनमध्ये दोन-तीन मोठे पाऊस झाले की दोघा-चौघांनी जाऊन पन्हळ आणि पसरलेला गाळ बघून या.