अमेरिकेतल्या सहा महिन्यांत ओटीपी कुठे येणार?

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या बायका मला विचारतात, डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत टाकू की हातातल्या? ओटीपीचं काय करू, असं मात्र एकीनेही विचारलेलं नाही. मी नाशिकला बँकेच्या काउंटरवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर न्यू जर्सीच्या वाऱ्या सुरू झाल्या, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहिलाय. तिकडे मिळणारा नंबर बोलायला आणि रस्ता शोधायला खुशाल वापरा, पण स्वतःची ओळख पटवायला अजिबात वापरू नका.

तो नंबर म्हणजे धर्मशाळेची खोली. तुमच्या आधी तिथे कुणीतरी राहून गेलंय, तुमच्यानंतर कुणीतरी येणार. अमेरिकेत सोडून दिलेला नंबर ४५ दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो; आपल्याकडे बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत. लेकीने मला प्रीपेड सिम घेऊन दिलं, त्यावर लगेचच कुणा दुसऱ्याच बाईच्या दातांच्या डॉक्टरकडून निरोप येऊ लागले: उद्या अकराची वेळ आहे, येणार असाल तर १ पाठवा. दाताच्या डॉक्टरचं ठीक आहे हो. पण तिच्या ईमेलचा पासवर्ड बदलायचा कोडही याच नंबरवर येत असता तर? तुम्ही परत आल्यावर तुमचे कोड असेच दुसऱ्याच्या हातात पडतील.

म्हणून सगळी तयारी भारतातला नंबर जिवंत ठेवण्याची. आधी रिचार्ज. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि आपला मुक्काम बहुधा पाच-सहा महिन्यांचा. वैधता संपली की येणारे मेसेजही काही दिवसांत थांबतात. त्यामुळे निघण्याआधी वर्षभराचा रिचार्ज मारा. महागडा डेटा नको, वैधता लांब हवी. मग कंपनीच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे का ते पाहा. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. उचललेल्या कॉलला आणि चुकून चालू राहिलेल्या डेटाला पडतात, आणि ते सणसणीत.

सिम कार्डाचं ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच साठवलेलं सिम) करून घ्यायचं असेल तर निदान आठवडाभर आधी करा. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, आणि नेमकं त्याच दिवशी विमानतळावर बसून बँकेच्या ॲपशी झटापट कशाला? ई-सिमचा विषय निघतो तो तिकडच्या आयफोनमुळे. मुलं हौसेने तिकडचा आयफोन हातात ठेवतात. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ पासूनचे मॉडेल सिमच्या खाचेशिवाय येतात, त्यात आपलं नाशिकचं कार्ड बसतच नाही. फोन आनंदाने घ्या, फोटो काढा, पण जुना फोन भारतातल्या सिमसकट चार्ज करून कपाटात ठेवा आणि बँकेची सगळी कामं त्यावरच करा.

दोन सिमचा एकच फोन असेल तर सेटिंगमध्ये सिमना नावं द्या. माझ्या फोनमध्ये भारतातल्या सिमला ‘नाशिक’ आणि तिकडच्या सिमला न्यू जर्सीतल्या गावावरून ‘एडिसन’ अशी आहेत. मोबाइल डेटा ‘एडिसन’वर, ‘नाशिक’चं डेटा रोमिंग बंद, आणि एक सिम अडलं की दुसऱ्याचा डेटा आपोआप वापरण्याची सोय असते, तीही बंद. ‘नाशिक’ सिम मात्र बंद करायचं नाही. रोमिंगच्या भीतीने लोक ते सिमच बंद करतात आणि मग ओटीपी येत नाही म्हणून बँकेच्या नावाने खडे फोडतात.

आता एसएमएसवर न विसंबता चालणारी सोय. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘बॅकअप कोड’ मिळतात: एकदम दहा, प्रत्येक आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. ते छापून घ्या किंवा वहीत सुवाच्य अक्षरात उतरवा. माझी एक प्रत पासबुकाच्या कव्हरमध्ये घरी असते, दुसरी चष्म्याच्या घरात माझ्याबरोबर. कागदावर ईमेल पत्ता लिहायचा नाही. कागद हरवला तर सापडणाऱ्याला नुसते आकडे दिसावेत. शिवाय ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच कोड तयार करणारं ॲप घ्या. त्यातला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही, वायफायही नाही. ईमेलला हे कराच, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांच्या किल्ल्या शेवटी ईमेलमध्येच असतात.

व्हॉट्सॲपचं वेगळं. नवं सिम घातलं की नंबर बदलायचा का, असं ते विचारू शकतं. ‘नाही’ म्हणा. नंबर बदललात तर मंडळाच्या, सोसायटीच्या, भिशीच्या सगळ्या ग्रुपवर ‘यांनी नंबर बदलला’ असं झळकतं, आणि परत आल्यावर सगळं उलटं करत बसावं लागतं. निघण्याआधी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि तिथे ईमेलही द्या. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग ॲपना नोंदणीचं सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू देऊ नका असे निर्देश दिलेत, म्हणजे सिम फोनमध्येच ठेवायला आणखी एक कारण.

यूपीआयबद्दल मैत्रिणींत एक समज पसरलाय की अमेरिकी नंबरवरही ते चालतं. चालतं, पण अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांना. आपलं साधं बचत खातं त्यात बसत नाही. आपलं यूपीआय भारतातल्या सिमला आणि त्या फोनला बांधलेलं असतं. ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा फोन बदलला की ते सिमवरून एक एसएमएस पाठवून खातरजमा करतं, आणि परदेशातून तो मेसेज पुष्कळदा जातच नाही. तेव्हा नातवाच्या गेमला जागा हवी म्हणून तिथे कुठलंही ॲप पुसू देऊ नका. आधारचा ओटीपीही जोडलेल्या मोबाइलवरच येतो. प्राप्तिकराचं रिटर्न तिकडून भरणार असाल तर भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय, म्हणजे आधारच्या ओटीपीने वगैरे ऑनलाइन पडताळणी करावी लागते हे डोक्यात ठेवा. प्राप्तिकराच्या पोर्टलवर बँक खातं आधीच प्रमाणित करून ठेवलं असेल तर आधारशिवाय दुसरी वाटही उघडी राहते.

काहीजण सिम भावाकडे ठेवून जातात आणि फोनवर ओटीपी विचारून घेतात. मला हे मुळीच पटत नाही. तीस वर्षं ज्या खिडकीतून ‘कोड कुणाला सांगू नका’ म्हटलं, तिथली सवय आहे ही. पण सवय बाजूला ठेवा. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तुम्ही दुपारी बिल भरायला बसाल तेव्हा भाऊ घोरत असेल, आणि कोड काही मिनिटांत मरतो.

एवढं करूनही ओटीपी आला नाही तर ‘पुन्हा पाठवा’ दाबत बसू नका. जास्त प्रयत्न झाले की खातंच काही काळ कुलूपबंद होतं. आधी रिचार्ज संपलाय का ते पाहा. भारतातलं कुणीही तुमचा रिचार्ज करू शकतं, त्याला तुमचा ओटीपी लागत नाही. मग विमान मोड एकदा लावून काढा. तरी नाही, तर नेटवर्कची निवड ‘आपोआप’वरून काढून हाताने दुसरी कंपनी निवडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. माझ्या लेकीच्या घरी तळमजल्यावर एक नेटवर्क दिसतं पण मेसेज सोडत नाही. दुसरं निवडलं की अडकलेले चार ओटीपी एकदम टणटण वाजत येतात, तीन शिळे, एक ताजा. त्यानेही भागलं नाही तर बँक ईमेलवर कोड देते का ते तपासा. बँकेचा १८०० चा टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही, म्हणून परदेशातल्या ग्राहकांसाठीचा +९१ चा नंबर आधीच वहीत लिहून ठेवा. आणि ‘ट्रायमधून (म्हणजे दूरसंचार नियामकाकडून) बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ट्राय असे फोन करत नाही.

तिकडचा नंबर द्यावा लागतोच काही ठिकाणी: औषधाच्या दुकानात, टॅक्सीच्या ॲपवर, किराण्याच्या सवलत कार्डाला. जिथे जिथे दिला ती नावं फ्रिजवरच्या कागदावर लिहीत चला. परतीच्या आठवड्यात तो कागद काढून एकेका ठिकाणाहून नंबर काढून टाका, गूगल किंवा शॉपिंगच्या खात्यात चुकून दिला असेल तर तिथून आधी. सिम बंद करायला त्यानंतर सांगा, कारण नंबर काढतानाही एखादं ॲप त्याच नंबरवर कोड पाठवतं. पिझ्झावाल्याचं राहिलं तर राहू द्या.