क्रोटनचे रंग उडाले? रंगीत पानांच्या झाडांबाबत या चुका टाळा

रोपवाटिकेतून आणलेले लाल-पिवळे क्रोटन दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवले, की काही महिन्यांत त्याची नवी पाने हिरवीच राहू लागतात आणि दोष खताला दिला जातो. बहुतेक वेळा खरी उणीव उजेडाची असते. लाल-जांभळ्या छटा अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, तर पिवळ्या-केशरी छटा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे येतात. प्रकाश कमी पडला की पानांत हरितद्रव्याचे वर्चस्व राहते आणि इतर रंग फिके पडतात. मात्र अनेक जातींची कोवळी पाने मुळातच हिरवट असतात व वाढताना रंग धरतात, म्हणून पान पूर्ण मोठे होईपर्यंत निष्कर्ष काढू नये. त्यानंतरही ते हिरवेच राहिले, तर सकाळचे तीन-चार तास ऊन येणाऱ्या पूर्वेकडच्या गॅलरीत कुंडी हलवावी. पण आठवडाभर थोडी थोडी उन्हाची सवय करूनच, कारण सावलीतले झाड एकदम उन्हात नेले तर पाने करपतात.

जागा बदलली की क्रोटन रुसते आणि खालची पाने गाळते. येथेच सर्वांत महागात पडणारी चूक घडते: पानगळ पाहून पाणी वाढवले जाते, मुळे कुजतात आणि मग झाड खरोखरच जाते. अशा वेळी मातीत दोन इंच बोट घालून पाहावे, आत ओल लागली तर पाणी देऊ नये. कुंडी दुसऱ्या शोभेच्या कुंडीत ठेवली असेल, तर तिच्या तळाशी पाणी साचत नाही ना, हेही तपासावे. कोकणातील पावसाळ्यात नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दिवसेंदिवस ओले राहते. त्यात जाड वाळू किंवा परलाइट (पाण्याचा निचरा करणारे हलके पांढरे खडे) मिसळलेले बरे.

कोलियस, कॅलेडियम आणि अ‍ॅग्लोनिमा यांना मात्र दुपारचे कडक ऊन सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ही झाडे हिरव्या जाळीखाली ठेवावीत. कोलियसला तुरा दिसताच शेंडा खुडावा, अन्यथा रोप उंच व विरळ होते. युरियाचा मारा केल्यास पाने भरपूर येतात, पण त्यांत हिरवेपणाच अधिक असतो. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते.

कॅलेडियमची पाने हिवाळ्यात माना टाकतात, तेव्हा झाड मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. प्रत्यक्षात कंद विश्रांती घेत असतो. पाणी थांबवून कुंडी कोरड्या जागी ठेवावी. ऊन तापू लागले की हलके पाणी देताच कोंब फुटतात.

पानांच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण होय. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली, तर ती लाल कोळी ही कीड. प्रथम पानांची मागची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी, मग लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने भाजतात.

छाटणी करताना हातमोजे घालावेत, कारण क्रोटनचा चीक त्वचेला झोंबतो. कॅलेडियम, अ‍ॅग्लोनिमा व डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; चघळल्यास तोंड जळजळते व सुजते, त्यामुळे रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात या कुंड्या उंच फळीवर ठेवाव्यात.