रत्नागिरी सहकुटुंब कशी पाहावी : आधी तिथी बघा, मग हॉटेल

बहुतेक कुटुंबांच्या लेखी रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याला जाताना माशाचं ताट खायला थांबायचं गाव. ताट खा, जरूर खा, पण गावाला निदान दोन मुक्काम द्या. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील, तर दोन दिवसांची आखणी अशी करा.

1. तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा

कोकण किनाऱ्यावर भरतीचं गणित तोंडी होतं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही 15 धरायच्या. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि रात्री नऊला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीपुरतं हे पुरतं. घरात कुणा आजीला पाऊणकी पाठ असेल, तर हे खातं तिच्याकडे सोपवा. प्रवासात तिचा भाव एकदम वधारतो.

आता याचा उपयोग. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन संध्याकाळी पाणी वर. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला, म्हणजे सव्वापाचच्या सुमारास ओहोटी आणि सूर्यास्ताला लांबरुंद ओली वाळू. आम्ही पहिल्यांदा गेलो ते नेमके अष्टमीला. पोरांनी बादल्या-फावडी नेली होती. वाळूचा उरलेला पट्टा बघून ती हिरमुसली आणि आजी कठड्यावर बसून भेळ खात राहिल्या. तेव्हापासून आमच्या घरचा नियम : संध्याकाळी ओहोटी असेल तर वाळूवर, भरती असेल तर उंचावर.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा चांगली. मेमध्ये आंबा मिळतो, पण घामाच्या धारा लागतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या सुरमईच्या आशेने त्या दिवसांत जाऊ नका.

2. येताना दिवसाची गाडी पकडा

मुंबईकडून येत असाल तर रेल्वे बरी, आणि मुलं सोबत असतील तर दिवसाचीच. रत्नागिरी यायच्या थोडं आधी साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. मुलांना तो आधी सांगून ठेवा आणि अंधार किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजायला लावा. स्टेशन गावाबाहेर आहे, सहा-सात किलोमीटरवर. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा.

3. पहिली सकाळ थिबा राजाला द्या

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं. इथेच 1916 मध्ये तो वारला. शेवटच्या मोगल बादशहाला दिल्लीहून रंगूनला धाडलं आणि ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीला, ही अदलाबदल मुलांना नकाशा काढून दाखवा. वाड्यात शिरण्याआधी एवढं सांगितलंत की मग मुलं कंटाळत नाहीत. राजवाडा त्याला मिळाला तो 1910 च्या सुमारास, म्हणजे नजरकैदेची जवळजवळ पंचवीस वर्षं सरल्यावर. वरच्या मजल्यावर उभं राहून खाडीकडे बघा. समुद्र दिसतो, पण जाता येत नाही. राजाचं नेमकं तेच दुखणं असणार.

आत वस्तुसंग्रहालय आहे. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून हा कार्यक्रम सोमवारी ठेवू नका.

तिथून टिळक आळी. 1856 मध्ये लोकमान्यांचा जन्म झाला ते उतरत्या कौलांचं घर बघायला अर्धा तास पुरतो. पतितपावन मंदिरही गावातच आहे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीरांनी ते बांधून दिलं आणि 1931 मध्ये ते सर्व जातींसाठी खुलं झालं. आजोबांना इथे बोलायला पुष्कळ सापडतं, तेव्हा रिक्षावाल्याला आधीच थांबायला सांगून ठेवा.

दुपारी जेवून सरळ झोपा. कोकणात दुपारी फिरणं हा वेडेपणा आहे. झोप न येणाऱ्या मुलांना झाडगावच्या मत्स्यालयात न्या. देवमाशाचा सांगाडा बघितल्यावर ती काही काळ तरी गप्प होतात.

4. संध्याकाळ तिथीप्रमाणे

ओहोटी असेल तर भाट्ये. सुरूचं बन, सपाट किनारा, आणि म्हाताऱ्या माणसांना चालायला घट्ट वाळू. काळी वाळू बघायची तर मांडवी. तिकडच्या समुद्राला गावात काळा समुद्रच म्हणतात, आणि मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा. दोन्हीकडची मूठमूठ वाळू शेजारी ठेवून बघा.

भरती असेल तर थिबा पॉइंट किंवा रत्नदुर्ग. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल दिसतो, चढ नाही. रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा समुद्रात घुसलेला आहे. गाडी बरीच वर जाते, पुढे भगवतीच्या देवळापर्यंत थोडं चालावं लागतं. तटावरून खाली मिरकरवाड्याचं बंदर आणि परतणाऱ्या होड्या दिसतात. मला विचाराल तर अख्ख्या गावात हीच जागा पहिली. तटाला कठडे नाहीत, मुलांचा हात सोडू नका.

5. दुसरा दिवस आरे-वारेचा

गणपतीपुळ्याला जाताना महामार्गाने, निवळीवरून जाऊ नका. किनाऱ्याचा रस्ता धरा, साधारण पंचवीस किलोमीटर. जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, म्हणून आजींना डावी खिडकी द्या. आरे आणि वारे यांच्या मधल्या चढावर गाडी बाजूला घ्या आणि दोन्ही किनारे एकदम बघा. बघायचेच, तिथे पोहायचं नाही. गणपतीपुळ्यालाही पाण्याला ओढ फार आहे. ओहोटी सुरू झाल्यावर गुडघ्याच्या वर कुणालाही जाऊ देऊ नका, पट्टीचा पोहणारा असला तरी.

पुळ्याला डोंगर हाच देव मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला. गुडघे दुखणाऱ्यांनी देवळापाशीच बसावं. देव रागावत नाही. वेळ उरला तर जवळच मालगुंड आहे, केशवसुतांचं जन्मगाव.

6. निघताना

आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं पिशवीत वर ठेवलीत तरी चालेल. कोकमाच्या आगळाची बाटली मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, उभी, कपड्यांपासून लांब ठेवा. झाकणावर भरवसा ठेवू नका. आमच्या पांढऱ्या चादरीवरचा डाग अजून गेलेला नाही.