टू-स्ट्रोक सुरू होते पण टिकत नाही? कार्बोरेटर उघडण्याआधी या चुका टाळा

दुसऱ्या किकला सुरू होते, गल्लीच्या टोकापर्यंत झकास जाते आणि तिथे गपकन बंद. आमच्याकडे वडिलांची 1986 ची येझदी रोडकिंग ही टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. चार वर्षं शेडमध्ये उभी होती. बाहेर काढल्यावर तिने सहा महिने मला ढकलायला लावलं. तेवढ्यात कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) तीनदा उघडून झाला, आणि "बोअर करावं लागेल (म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा), पिस्टन गेलाय" हेही ऐकून झालं. पिस्टन धडधाकट होता. खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत. उदाहरणं येझदीची असली तरी बाकीच्या टू-स्ट्रोकलाही बरंचसं लागू पडतं. ज्यांच्या गाडीत सीडीआय (पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहे त्यांनी पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा भाग) यांबद्दलचा मजकूर सोडून द्यावा.

थेट कार्बोरेटरला हात घालणं

आधी टाकीचं झाकण उघडा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की पेट्रोल खाली उतरेल तशी टाकीत पोकळी होते आणि तीन-चार किलोमीटरवर पुरवठा थांबतो. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर चोर सापडला.

मग कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. मिनिटभर सलग धार पडायला हवी. आधी धार आणि मग थेंब, असं झालं तर टाकीतला गंज कॉकच्या जाळीत अडकलाय. कार्बोरेटर कितीही चकाचक केलात तरी आठवड्यात पुन्हा तेच.

बंद 'कशी' पडली ते न बघणं

मेकॅनिकला आपण एवढंच सांगतो, "चालता चालता बंद पडते." पण बंद पडण्याचेही प्रकार आहेत. दम कमी होत होत विझली आणि चोक ओढल्यावर क्षणभर सावरली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. दिव्याचं बटण बंद करावं तशी पटकन गेली, तर प्लगला जाणारा करंट तुटतोय. फटफट करत, धूर सोडत, मिसिंग होत (मधूनमधून स्पार्क चुकत) गेली आणि प्लग ओला काळा निघाला, तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. फक्त हेडलाइट लावल्यावर आयडलिंगला मरत असेल, तर बॅटरी बघा. पॉइंटवाल्या येझदीचं इग्निशन बॅटरीवर चालतं आणि कमी रेसला डायनॅमो पुरेसा चार्ज देत नाही.

गाडी थंड झाल्यावर स्पार्क बघणं

माझे सहा महिने इथे गेले. गाडी दहा-बारा किलोमीटरवर बंद पडायची. मी ती ढकलत गॅरेजला न्यायचो, तिथे प्लग काढून किक मारली की निळा करकरीत स्पार्क! मग पुन्हा कार्बोरेटर. अखेर एकदा रस्त्याच्या कडेलाच प्लगपाना काढला. गरम इंजिनवर बघतो तर स्पार्क पिवळट, तोही एकाआड एक किकला. वीस मिनिटं बसलो आणि पुन्हा निळा. कंडेन्सर गरम झाला की दगा देत होता. इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि पॉइंट लवकर काळे पडत असतील, तर त्याच्यावरच संशय घ्या. गरम झाल्यावर इग्निशन कॉइलही अशीच रुसते. नवा कंडेन्सर टाकला, पॉइंटचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) 0.4 मिलिमीटर केला आणि विषय संपला.

रस्त्यात तपासताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवा आणि प्लगची धातूची बाजू हेडला टेकवून प्लगच्या भोकापासून लांब धरा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.

जेटमध्ये तार घालणं

जेट म्हणजे कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पितळी तोटी. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा, बस्स.

"थोडं जास्त ऑइल टाक, इंजिन सेफ राहतं"

येझदीत पेट्रोलमध्येच 2टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळावं लागतं. लिटरला 30 ते 40 मिली पुष्कळ झालं. हात सैल सोडला तर प्लग काळा होऊन मिसिंग सुरू होतं. शिवाय त्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा कमी होतो, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं.

उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर फुगवतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पेट्रोलमध्ये पाणी शिरलंय.

आयडलिंगचा स्क्रू पिळत राहणं

आज स्लो (आयडलिंगचा वेग) बरोबर लावला, उद्या गाडी आपोआप रेस होते, परवा सिग्नलला बंद. हे सेटिंगचं दुखणं नव्हे. टू-स्ट्रोकचा क्रँककेस (पिस्टनखालचा, क्रँक फिरतो तो कप्पा) हवाबंदच लागतो, आणि क्रँकची ऑइल सील वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कडक होतात. डायनॅमोकडचं सील गेलं तर हवा आत शिरते, प्लग पांढरा पडतो आणि रेस वर-खाली होते. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पिऊ लागतं: पांढरा धूर, ओला प्लग आणि ऑइलची पातळी महिन्यागणिक खाली.

सीलवर घसरण्याआधी कार्बोरेटरचा जॉइंट आणि सिलिंडरखालचं पॅकिंग बघा. गाडी स्लोवर ठेवून तिथे कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. सायलेन्सर गरम असताना मात्र हा उद्योग नको, भडका उडेल. आणि गाडी स्वतःहून रेस होऊन किल्लीलाही जुमानत नसेल, तर वरच्या गिअरमध्ये टाका, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा. झटका बसेल, पण इंजिन बंद पडेल.