४ जीबीची रॅम, पण चिप किती? जुन्या पीसीसाठी सेकंडहँड रॅम घेताना या चुका टाळा

"४ जीबी डीडीआर३ (रॅमची तिसरी पिढी) आहे का?" एवढंच विचारून रॅम घेतली की घरी येऊन हमखास एक प्रकार होतो: पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. रॅम खराब नसते, मदरबोर्डालाच ती ओळखता येत नाही.

इंटेलच्या जी४१ चिपसेटचे (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड यात सगळ्यात हट्टी. २ गिगाबिटपेक्षा (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) मोठी मेमरी चिप त्यांना कळत नाही. म्हणून ४ जीबीच्या स्टिकवर (रॅमच्या पट्टीवर) पुढेमागे आठ-आठ, अशा १६ चिप हव्यात. स्टिकरवर '२आर×८' असतं. एकाच बाजूला आठ चिप असलेली '१आर×८' स्टिक नंतरच्या एच६१ चिपसेटवर बिनबोभाट चालेल, इथे नाही.

त्याच स्टिकरवर 'पीसी३-१०६००यू' असं काहीतरी दिसेल. शेवटचा 'यू' महत्त्वाचा. तिथे 'आर' असेल तर ती सर्व्हरची रॅम. स्वस्त मिळते, खाचेत नीट बसतेही, पण साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. १०६०० म्हणजे १३३३ मेगाहर्ट्झ, १२८०० म्हणजे १६००. १३३३ च्या बोर्डावर ती १३३३ नेच धावणार, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

डीडीआर२ वाल्यांसाठी: 'फक्त एएमडी' म्हणून विकली जाणारी ४ जीबीची स्टिक इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. जी३१ चिपसेटच्या बोर्डाला २-२ जीबीच्या दोन लावा, तिथेच त्याची मर्यादा संपते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा की पुण्यात तापकीर गल्लीत, जुनी स्टिक आणि बोर्डाचा मॉडेल नंबर सोबत न्या. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

तरीही डिस्प्ले नाही? पॉवर केबल काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा. स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर चिपकडून कडेकडे फिरवा आणि चुरा कोरड्या ब्रशने झाडा. तो स्लॉटमध्ये गेला तर नवीनच दुखणं. मग एकच स्टिक, आळीपाळीने प्रत्येक स्लॉटमध्ये. दोन्ही टोकांच्या क्लिपा 'टक्' वाजून बसल्या पाहिजेत. शेवटचा उपाय, बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं काढून ठेवणं.

चालू झाली म्हणून लगेच विंडोज टाकू नका. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा. एकही लाल ओळ आली तर स्टिक परत.

आणि ८ जीबी लावूनही वापरायला सव्वातीन-साडेतीनच मिळत असेल, तर दुकानदाराशी भांडायच्या आधी विंडोज ३२-बिट तर नाही ना, ते बघा; तिला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही.