डोमेनचा भाव काढताना कीवर्डचे आकडे कसे वाचावेत

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, विकायचं म्हटलं की कोणीतरी हमखास एक सूत्र पुढे करतं: त्या शब्दाचे गूगलवरचे महिन्याचे शोध गुणिले क्लिकचा दर (एका क्लिकसाठी जाहिरातदार मोजतो ते पैसे) गुणिले बारा. व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हे सूत्र अजून फिरतंय आणि त्याच्या भरवशावर माणसं वडापावच्या नावाचे कोटभर रुपये मागून बसतात. आधी हे सूत्र डोक्यातून काढा. नावात शब्द असला की गूगलवर वरचा नंबर आपसूक मिळतो, असं त्यात गृहीत धरलंय. एके काळी त्यात थोडंफार तथ्य होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने नाव अगदी शोधशब्दांचं पण आत मजकूर फालतू, अशा साइट्सना खाली ढकलणारा बदल केला आणि ती फुकटची चैन संपली. आज नाव घेणाऱ्याला गर्दी आंदण मिळत नाही. ती त्याला कामाने किंवा जाहिरातीने आणावी लागते.

मग आकडे बघायचे कशाला? त्या शब्दावर खिशातून पैसे घालणारे धंदे आहेत का, आणि एका गिऱ्हाइकासाठी ते किती मोजतात, हे त्यातून कळतं. तुमचं नाव विकत घेणारा हा धंदेवालाच असतो. शोधणारा माणूस डोमेन विकत घेत नाही.

आकडे काढणे

गूगल अॅड्सचं, म्हणजे गूगलवर जाहिराती देण्याचं, खातं उघडा आणि चलन रुपये ठेवा, कारण ते नंतर बदलता येत नाही. त्यातल्या कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या साधनात, ठिकाण आधी मुंबई, मग महाराष्ट्र, मग भारत असं बदलून तीनदा आकडे काढा. भाषा 'सर्व' ठेवा. खात्यातून जाहिरातीवर खर्च होत नसेल तर '१ हजार ते १० हजार' असा ऐसपैस पल्ला दिसतो. त्यावरून भाव काढण्यात अर्थ नाही. एखादी छोटी जाहिरात चालवा, म्हणजे नीट आकडे दिसू लागतात. तेही गोल केलेलेच असतात, पण काम भागतं.

शब्द साफ करणे

घाई इथे करू नका. ही पायरी माझ्या हाताला बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि बहुतेक सल्लागार नेमकी हीच उडी मारून ओलांडतात. प्लॅनरने दिलेला आकडा कच्चा माल असतो. निवडल्याशिवाय तो वापरला की पुढचं सगळं गणित नासतं.

वडापावच घेऊ. रोमन लिपीत हा शब्द कोणी व्हीने सुरू करतं, कोणी डब्ल्यूने. कोणी जोडून लिहितं, कोणी तोडून. कोणी शेवटी 'ओ' लावतं. काही जण सरळ देवनागरीत टाइप करतात. तुमच्या डोमेनमध्ये मात्र यातलं एकच स्पेलिंग आहे. प्लॅनर अनेकवचनं, चुकीची स्पेलिंग, जवळची रूपं एकाच ढिगात टाकतो आणि प्रत्येकापुढे त्या सबंध ढिगाचा आकडा लिहितो. खूण सोपी आहे. दोन्ही स्पेलिंग एकदम टाका. दोघांपुढे तोच आकडा आला आणि बारा महिन्यांचा आलेखही रेघेला रेघ तोच निघाला, तर तुम्ही एकच ढीग दोनदा बघताय. त्यांची बेरीज करणारे महाभाग मी पाहिलेत, आणि तसली बेरीज दाखवून नाव गळ्यात मारणारेही.

ढीग फोडायला गूगल ट्रेंड्स हे गूगलचंच दुसरं साधन लागतं. ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही, ० ते १०० असा तुलनेचा आकडा देतं. पण टाइप केलेलं स्पेलिंग जसंच्या तसं मोजतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. दोन्ही स्पेलिंग शेजारी शेजारी टाका. ट्रेंड्स 'विषय' सुचवेल तो घेऊ नका, 'शोधसंज्ञा'च निवडा, नाहीतर तिथेही सगळं पुन्हा एकत्र होतं. काळ आणि ठिकाण प्लॅनरमध्ये ठेवलं तेच ठेवा. आता दोघांच्या सरासरीचं गुणोत्तर काढा आणि ढिगाला लावा. समजा ढीग महिन्याला १२,००० शोधांचा आहे आणि गुणोत्तर ७० ला ३०. तर व्हीवाल्या नावाच्या वाट्याला ८,४०० आले आणि डब्ल्यूवाल्याच्या वाट्याला ३,६००. शब्द तोच, खाण्याची चव तीच, पण एकाची शिदोरी दुसऱ्याच्या निम्मीही नाही. मुंबईपुरतं बघताना ट्रेंड्स शून्य दाखवत असेल तर घाबरू नका, थोडक्या शोधांचे शब्द ते गाळतं. ठिकाण भारत करा, काळ पाच वर्षांचा घ्या, आणि गुणोत्तर तिथून उचला.

आता उरलेले ८,४०० कोण आहेत ते बघा. बहुतेकांना घरी वडे तळायचेत. काहींना कोपऱ्यावरची गाडी शोधायचीय, काहींना कॅलरी मोजायच्यात. मोजक्या लोकांना फ्रँचायझी घ्यायचीय, आणि पैसा असतो तो यांच्यापाशी. दादर स्टेशनच्या पुलावरून रोज लोटणारी गर्दी आणि पुलाखालच्या सराफाच्या पायऱ्या चढणारी माणसं यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. सराफाचं भाडं पायऱ्या चढणाऱ्यांच्या जिवावर निघतं. प्लॅनरच्या नवे शब्द सुचवणाऱ्या भागातून पूर्ण यादी उतरवा आणि एकेक शब्द हाताने दोन रकान्यांत टाका: पैसे घेऊन आलेला आणि नुसता विचारायला आलेला. यात यंत्रावर विसंबू नका. 'वडापाव रेट' शोधणारा गिऱ्हाईक आहे की नवीन गाडी टाकणारा, हे मुंबईत राहणाऱ्याला कळतं, सॉफ्टवेअरला नाही.

पडताळा घ्यायचा तर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तोच शब्द गूगलवर टाका. पहिल्या पानावर पाककृती आणि व्हिडिओ असतील तर शोधणारे स्वयंपाकघरातले आहेत. जाहिराती दिसल्या तर कोणाच्या त्या लिहून ठेवा. सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री बघा, कारण छोट्या धंद्यांचं दिवसाचं बजेट संध्याकाळपर्यंत संपतं आणि रात्री पान कोरडं दिसतं. ही जाहिरातदारांची यादी जपून ठेवा, ती शेवटी लागणार आहे.

शहराच्या नावाचं डोमेन असेल तर आणखी एक चाळणी लावा. अंधेरीतला माणूस प्लंबर शोधताना 'मुंबई' लिहीलच असं नाही. तो 'नियर मी' लिहितो, किंवा काहीच न लिहिता फोनला ठिकाण ओळखू देतो. म्हणून 'मुंबई' जोडलेल्या शब्दाचे शोध खऱ्या मागणीपेक्षा कमी दिसतात. यावर काहींचा सल्ला असा, की 'नियर मी'चे आकडेही आपल्या खात्यात धरावेत. साफ चूक. ते शोध तुमच्या नावाचे नाहीत, आणि विकत घेणाऱ्याला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

महिन्यांचा आलेखही उघडून बघा. सरासरी फसवी असते. 'मोदक ऑर्डर' गणपतीच्या आधी उसळतो आणि मग झोपतो. सरासरीत तो बारमाही वाटतो. असं नाव विकायचं तर जूनमध्ये फोन करा, गणपती गेल्यावर कोणी ऐकून घेत नाही. 'म्हाडा लॉटरी'चा डोंगर याहून उंच आहे, पण तो सरकारी संस्थेच्या नावाचा आहे. सोडत निघाली की शोध, मग शांतता, आणि ते नाव घेऊन बसलात तर डोक्याला ताप. संस्थेचं, कंपनीचं, ब्रँडचं नाव असलेले सगळे शोध यादीतून खोडा.

बोलीचा आकडा

प्लॅनरमध्ये पानाच्या वरच्या जागेसाठीची बोली, म्हणजे एका क्लिकसाठी जाहिरातदार मोजतात ते पैसे, खालची आणि वरची अशा दोन रकान्यांत येते. माझ्या मते शोधसंख्येपेक्षा हे दोन रकाने जास्त बोलके. शेजारी 'स्पर्धा' असा रकाना असतो. तो जाहिरातदारांच्या स्पर्धेचा आहे, गूगलवर नंबर आणणं किती अवघड त्याचा नाही. लोक हा घोळ अजून करतात.

'मुंबई लोकल टाइमटेबल'ला शोध उदंड, पण त्यावर बोली लावून रेल्वेचं वेळापत्रक कोण विकणार? आता 'डीम्ड कन्व्हेयन्स' घ्या. बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे केली नाही, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे एकतर्फी अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. त्याचीच ही भानगड. हा शब्द शोधणारे थोडेच, पण त्यांतले बरेचसे कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सेक्रेटरी किंवा चेअरमन असतात, आणि त्यांच्या मागे शंभरेक सभासद आणि सोसायटीचा फंड असतो. वकील आणि सल्लागारांना असा एक फोन आला तरी पुरतो. रिडेव्हलपमेंटच्या शब्दांचंही असंच. मुंबईतल्या नावांचा खरा पैसा मला तरी असल्या रटाळ, कागदपत्री शब्दांतच दिसतो.

भाव मांडणे

मी दोन आकडे काढतो आणि भाव त्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवतो. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे.

पहिला आकडा जाहिरातीच्या खर्चाचा. समजा वडापाव फ्रँचायझीचे साफ केलेले शोध महिन्याला ४०० आहेत. त्यातले ५ टक्के एका जाहिरातीवर येतात असं धरलं तर २० क्लिक झाले. मधली बोली ८० रुपये धरली तर महिन्याला १,६०० आणि वर्षाला १९,२०० रुपये. हा झाला तळ. त्या जुन्या सूत्राने सबंध ढिगाचे १२,००० शोध आणि हीच बोली धरली असती तर उत्तर १ कोटी १५ लाख २० हजार आलं असतं. फरक बघा आणि व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट करा.

दुसरा आकडा एका गिऱ्हाइकाचा. नाव घेणाऱ्याला एका सौद्यातून निव्वळ किती सुटतं? फ्रँचायझीवाल्याला समजा २ लाख सुटतात. चांगल्या नावाने वर्षात एखादा जास्तीचा सौदा जमेल, असं तो स्वतःला पटवू शकतो. हे झालं छत. तुमच्या यादीत चार-पाच वेगवेगळे जाहिरातदार असतील तर छताकडे सरका. एकच असेल तर तळाजवळ राहा, कारण त्याने नाही म्हटलं की बाजार संपला.

मग काटछाट. नाव फोनवर कोणाला तरी सांगून बघा. 'व्ही की डब्ल्यू?' असं विचारावं लागलं तर मी भावातला तिसरा हिस्सा सरळ कापतो. डॉट कॉमच्या मानाने डॉट इन कमी धरा, पण दुकान महाराष्ट्रातच असेल तर फार कमी नको. २०१४ पासून मिळणाऱ्या डॉट भारतवरच्या देवनागरी नावांना रोमन शब्दांचे आकडे मुळीच लावू नका. देवनागरीत केलेले शोध वेगळे काढा. ते बरे दिसले तरी हात आखडता ठेवा. शोधाच्या खिडकीत देवनागरी लिहिणारा माणूस पत्त्याच्या खिडकीत ती क्वचितच लिहितो.

झालेले सौदे

झालेल्या डोमेन विक्रीची नोंद ठेवणाऱ्या नेमबायो या साइटवर त्याच प्रकारच्या शब्दाचे, त्याच शेपटाचे (डॉट कॉम, डॉट इन वगैरे) सौदे बघा. मागितलेली किंमत ही विक्री नव्हे. 'अमक्याने दहा लाख लावलेत' हे पुरावा म्हणून वापरू नका. बातम्यांतले मोठे आकडेही बाजूला ठेवा. कारइन्शुरन्स डॉट कॉम २०१० साली ४ कोटी ९७ लाख डॉलरला गेलं हे सगळे सांगतात. त्यात चालता धंदा होता, हे कोणी सांगत नाही. गोडॅडी किंवा एस्टिबॉटचं आपोआप मूल्यांकन मी एकदा बघतो आणि सोडून देतो. तुमच्या शब्दासाठी भायखळ्यात कोणाचं ऑफिस आहे, हे त्या यंत्राच्या गावीही नसतं.

भाव सांगण्याआधी

जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर नावाचा इतिहास बघा. जुगार किंवा बनावट औषधांचा डाग असेल तर वरचं सगळं गणित बाद. ब्रँडशी मिळतंजुळतं नाव असेल तर भाव शून्य धरा. १९९९ सालीच मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने निकाल देत एका अक्षराच्या फरकाचं 'रॅडिफ' हे नाव वापरायला मनाई केली होती. डॉट इनसाठी निक्सीची, म्हणजे डॉट इन नावं सांभाळणाऱ्या संस्थेची, वेगळी तंटा यंत्रणा आहे, आणि ती चालते.

आता ती जाहिरातदारांची यादी काढा. ईमेल नको, फोन करा, आणि शोधांचे आकडे सांगत बसू नका; त्याच्या जाहिरातीवर तो महिन्याला काय घालवतो हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. एकच रक्कम सांगा, छतापासून थोडी खाली. तो घासाघीस करणारच, तेव्हा तळाच्या आकड्याखाली जायचं नाही एवढं आधी कागदावर लिहून ठेवा. यादीतल्या सगळ्यांनी नकार दिला तर डोमेनच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी बोली पुन्हा तपासा. ती घसरली असेल आणि पानावर जाहिराती उरल्या नसतील, तर नूतनीकरणाचे पैसे भरू नका.