गॅलापागोसच्या बोटीवरची शेवटची संध्याकाळ : उतरण्याआधीची तयारी

पॅसिफिक महासागरातल्या, इक्वेडोर देशाच्या गॅलापागोस बेटांमधून फिरणाऱ्या छोट्या, सोळा प्रवाशांच्या बोटीवर शेवटचा दिवस म्हणजे खरं तर अर्धी सकाळच. बोट रात्रीतून विमानतळ असलेल्या बाल्ट्रा बेटाजवळ येते. पहाटे पांगातून, म्हणजे रबरी होडीतून एक फेरी, मग नाश्ता, केबिन रिकामी, धक्का, बस आणि विमानतळ. ही फेरी पुष्कळदा सांताक्रूझ बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या ब्लॅक टर्टल कोव्ह या खाडीची असते. खारफुटीत शिरलं की इंजिन बंद करून वल्ह्यांनी होडी पुढे नेतात. समुद्री कासवं श्वासासाठी डोकं वर काढतात, सोनेरी पाकटं थव्याने खालून सरकतात, उथळ पाण्यात व्हाइटटिप शार्क दिसतात. अशा वेळी मन बॅगेच्या चेनमध्ये अडकलेलं नको. म्हणून माझा आग्रह एकच आहे: सगळी आवराआवर आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी उरकून टाका.

सुरुवात ओल्या सामानापासून करा, कारण त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. ब्लॅक टर्टल कोव्हमध्ये पाण्यात उतरता येत नाही, त्यामुळे शेवटचं स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पोहणं, आदल्या दिवशीच होतं. पाण्यातून वर आल्याबरोबर, अंग सुकण्याच्या आत, स्वतःचा मास्क आणि स्नॉर्केल गोड्या पाण्यात बुडवा. बोटीवर गोडं पाणी जपूनच वापरायचं असतं, तेव्हा नळ सोडून बसू नका, डेकवरची बादली पुरते. मास्कच्या सिलिकॉनची कड बोटाने उलटवून बघा: घडीत वाळूचे कण आणि मिठाची पांढरी रेघ हमखास सापडते, आणि तीच पुढच्या वेळी चेहरा काचते. पाण्याखालचा कॅमेरा असेल तर त्याचं कव्हर लगेच उघडू नका. आधी बंद कव्हर पाण्यात ठेवून सगळी बटणं दाबा, म्हणजे खाचांमधलं मीठ सुटेल. पुसून कोरडं झाल्यावरच उघडा आणि रबरी रिंगवर केस किंवा कण नाही ना ते पाहा. लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाने ओरखडे पडतात.

पोहण्याचे कपडे कठड्यावर वाळत घाला, पण दोन-दोन चिमटे लावून. रात्री बोट चालू असते, वारा सुटतो आणि उडालेला कपडा थेट समुद्रात जातो. सी-लायन आणि कासवं जिथे राहतात त्या पाण्यात आपलं काही राहायला नको. वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) भाड्याचा असेल तर फिन्ससकट, म्हणजे पायात घालायच्या पंखांसकट, त्याच संध्याकाळी परत करा आणि पैसे चुकते करा. जे सकाळीही दमट राहील ते ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या पिशवीत भरून सुटकेसमध्ये सगळ्यात वर ठेवा.

चपला आणि बूट ब्रशने घासा. तळव्यांच्या खाचा, खिसे, बॅगेचा तळ, सगळं झाडून काढा. नकळत आलेला शिंपला किंवा लाव्हाचा खडा सापडला तर गाइडच्या हाती द्या. शिंपले, प्रवाळ, वाळू, दगड, काहीही बेटांबाहेर न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. ही तपासणी उगाच नाही. मार्च 2021 मध्ये बाल्ट्राच्या विमानतळावर एका सुटकेसमध्ये महाकाय कासवांची 185 पिल्लं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सापडली होती. संपलेल्या बॅटऱ्या आणि सनस्क्रीनच्या रिकाम्या बाटल्या मात्र आपल्याबरोबर परत न्या. कचऱ्याचा भार त्या बेटांवर कशाला?

अंधार पडायच्या आत गाइडला गाठा. पक्ष्यांचे फोटो दाखवून कोणता मॉकिंगबर्ड कुठल्या बेटावरचा, ही फिंच कोणती, ते विचारून लिहून घ्या. मॉकिंगबर्डच्या इथे चार जाती आहेत आणि घरी आल्यावर त्या ओळखणं आपल्याला जमत नाही. तारीख आणि बेटाचं नाव लिहिलेला फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर अभ्यासकांनाही उपयोगी पडतो. फोटोंची दुसरी प्रत करून ती वेगळ्या बॅगेत ठेवा.

बक्षिसीची पाकिटं संध्याकाळीच भरा: एक गाइडसाठी, एक खलाशी, स्वयंपाकी आणि इतरांसाठी. इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलरच आहे, पण सुट्या नोटा घरूनच आणाव्यात, बोटीवर मोड मिळेलच असं नाही. पाकीट देताना गाइडशी दोन शब्द बोला. आपण ज्याच्या डोळ्यांनी ही बेटं पाहिली, त्याला ते कळू द्या.

हातातल्या बॅगेत पासपोर्ट (बोटीच्या ऑफिसात ठेवला असेल तर मागून घ्या), येताना घेतलेलं ट्रान्झिट कंट्रोल कार्ड, औषधं, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या. लिथियम बॅटऱ्या सुटकेसमध्ये टाकू नका. फ्लोरिआना बेटावरच्या टपाल-पिंपातून (प्रवासी त्यात पत्रं टाकतात आणि दुसरे प्रवासी ती पोचवतात) कुणाचं पोस्टकार्ड पोचवायला घेतलं असेल तर तेही इथेच, वहीत घालून, म्हणजे चुरगळणार नाही. पुण्या-मुंबईचा पत्ता असेल तर स्वतः जाऊन द्या, त्या पिंपाची रीतच तशी आहे.

घड्याळाचा गोंधळ टाळा. बेटं इक्वेडोरच्या मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे आणि भारतापेक्षा साडेअकरा तास मागे आहेत. बाल्ट्राहून सुटण्याची वेळ बेटांची असते, मुख्य भूमीवरच्या ग्वायाकिल किंवा कितोला पोचण्याची तिथली. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली बुडी मारलेल्यांनी त्यानंतर 18 ते 24 तास विमानात बसायचं नसतं, नुसतं स्नॉर्केलिंग केलेल्यांना ही अडचण नाही. उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, तेव्हा विमानतळाच्या जिन्यावर कठडा धरा, विशेषतः आईवडील बरोबर असतील तर.

भारतात परतणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे यलो फीवरच्या लसीचं पिवळं कार्ड. गॅलापागोसमध्ये हा ताप नाही, पण इक्वेडोर भारताच्या यलो फीवर असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसलं, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, म्हणजे हे काम निघण्याआधीच झालेलं हवं. अमेरिकेमार्गे परतत असाल तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही व्हिसा लागतो, त्याची मुदत आज रात्रीच पुन्हा बघून घ्या. पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच खोचून ठेवा, कारण मुंबईत इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य विभागाच्या टेबलावर ते मागतात.